पळपुट्या नथूचा सिनेमा

एका जंगलात, बाळांनो, युद्ध संपून इतकी वर्षं झाली होती की ते आता सगळ्यांना आवडायला लागलं होतं.

त्या युद्धात लढलेला एकच जण उरला होता. सुभेदार धोंडजी, जातीने साळिंदर. म्हाताऱ्याने आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात लढाई कमी. चिखल, जुलाब आणि नुसतं वाट बघत बसणं जास्त. पण एक पान त्याने जीव ओतून लिहिलं होतं. ते नथू नावाच्या सशाचं.

झालं होतं असं. दुपारचं जेवण झालं की दोन्ही सैन्यांनी घटकाभर आडवं व्हायचं, हा तिथला रिवाज. लांडग्यांनी एक दिवस तो मोडला. आपलं सैन्य घोरत होतं आणि पहाऱ्यावर एकटा नथू. लांडगे दिसताच त्याची पाचावर धारण बसली. ओरडायचंही सुचेना. तो जो पळत सुटला तो झोपलेल्यांच्या पोटांवरून, तोंडांवरून. सगळे शिव्या देत उठले, म्हणून वाचले. नथू मात्र पळता पळता दुसऱ्या बाजूने येणाऱ्या लांडग्यांच्या तोंडी गेला.

सुभेदाराने लिहिलं होतं, ‘भीती आम्हा सगळ्यांनाच वाटत होती. नथूची तेवढी कामी आली.’

जंगलाने त्या पानातला ‘पळाला’ एवढाच शब्द वाचला. नथूची म्हातारी आई पाणवठ्यावर आली की कारटी तिच्यासमोर मुद्दाम पळून दाखवायची. सुभेदाराला फार वाईट वाटायचं. पोराचं नाव राखायला गेलो आणि त्याच्या आईची फजिती करून बसलो, असं त्याला झालं.

म्हणून धनेशराव सिनेमा काढतो म्हणाले तेव्हा तो हरखला. डोळ्यांनी बघतील तेव्हा तरी कळेल लोकांना. भाबडाच हो. त्याने एकच अट घातली, नथूच्या पानाला हात लावायचा नाही. धनेशरावांनी चोचीची शपथ घेतली. धनेश पक्ष्याची चोच केवढी मोठी असते, माहीत आहे ना? शपथाही तशाच असतात.

चित्रीकरण बघायला सुभेदार गेला, तर नथूच्या कामाला बिबट्या. डोक्यावर डिंकाने चिकटवलेले लांब कान. सशाला बघायला कोण येणार, असं धनेशरावांचं म्हणणं. वामकुक्षीही गेली होती, कारण सैन्य झोपलेलं दाखवलं की जंगलाच्या भावना दुखावतात. नथूला जन्मात न भेटलेली एक हरिणी मात्र आली होती, आणि ती गात होती.

“आणि त्याचं पळणं?” सुभेदाराने विचारलं.

“आहे ना. तुमच्या पुस्तकात पळतो, आमच्याकडेही पळतो,” धनेशराव म्हणाले. “फक्त दिशा बदललीय. लांडग्यांच्या अंगावर.”

पहिल्या खेळाला अख्खं जंगल लोटलं. बिबट्याने पाऊण तास मरायला घेतला. सगळे हमसून रडले. सिनेमा संपल्यावर नथूच्या आईला व्यासपीठावर नेऊन शाल-नारळ दिला.

सुभेदाराचं डोकं सणकलं होतं. आता सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून तो व्यासपीठावर चढला. अंगावरचा काटा न् काटा उभा. तेवढ्यात म्हातारीने त्याचा पंजा धरला.

“सुभेदार, तुम्ही होतात तिथं. माझा नथू खरंच असा होता का हो?”

सुभेदाराने तिच्याकडे पाहिलं. खाली तीच कारटी बसली होती, आणि तिच्याकडे आदराने बघत होती. त्याचे काटे हळूहळू खाली बसले.

“आई,” तो म्हणाला, “सिनेमात कमीच दाखवलंय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुभेदार बाहेर जाऊन झाडाआड ढसाढसा रडला. आत धनेशरावांनी लगेच दुसरा भाग जाहीर केला, खुद्द सुभेदारांच्या साक्षीवर आधारलेला.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर बिबट्या होता. नथूचं पान मात्र नव्हतं. ते सुभेदाराने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं.

तात्पर्य : सिनेमा पुस्तकाशी इमान राखत नाही म्हणून उगाच गळा काढू नये, बाळांनो. थोडा धीर धरावा. पुस्तक सिनेमाशी इमान राखायला शिकतंच.