डिस्क शाबूत हाय

आमच्या बोर्ली पंचतनात कुणाचा लॅपटॉप बंद पडला, की नथूकाका भेटायला येतात. टोपी काढून ओटीवर बसतात आणि हळू आवाजात विचारतात, "कधी गेला? जाताना आवाज कसला केला?"

माझा गेला तेव्हाही आले. दुकानदार म्हणाला होता, भंगारात द्या. पण ताईच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. मी रडकुंडीला आले होते.

"मेला तो पडदा, बाय. डिस्क शाबूत हाय." हे काकांचं ठरलेलं वाक्य.

काका निवृत्त वायरमन. लग्न केलं नाही, एकटेच राहतात. बंद लॅपटॉपची हार्डडिस्क काढून प्लास्टिकच्या डबीत बसवतात. मग ती मोठ्या पेनड्राइव्हसारखी कुठल्याही कॉम्प्युटरला जोडता येते. खारी हवा लागू नये म्हणून तयार डिस्क तांदळाच्या डब्यात ठेवतात. एक तर कुकरमध्ये जाता जाता वाचली.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी चार बारीक स्क्रू काढले, डिस्क अलगद डबीत बसवली, वायर त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली. आधी काहीच नाही. मग डिस्क गुणगुणायला लागली, आणि काका चटकन भिंतीकडे तोंड करून बसले.

"हे काय, काका?"

"लोकांच्या घरातलं आपण बघायचं न्हाय. तू बघ."

सगळे फोटो होते. पाहता पाहता पंगतीच्या एका फोटोवर मी थांबले.

"काका, यात तुम्ही आहात!"

"मी कुठला? मी वाढायला होतो."

"वाढतानाच आहात. हातात जिलब्यांचं ताट."

ते वळले. चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढली. गावातल्या कितीतरी लग्नांत त्यांनी वाढलंय, पण फोटोला उभं राहा म्हणून त्यांना कुणी हाक मारली नव्हती. आम्हीही नाही.

"माझा एक आधारवरचा फोटो हाय," ते म्हणाले. "त्यात हसू देत न्हाईत."

मी पुढचे फोटो उघडत गेले. एकात त्यांचा नुसता हात, एकात पाठ. आणि अगदी शेवटी, मांडव रिकामा झाल्यावर, काका जेवायला बसलेले. समोर माझी आई भात वाढतेय आणि काका कॅमेऱ्याकडे बघून मोकळं हसताहेत.

"हा मोठा करून देऊ? भिंतीला लावा."

"नको गं. इथं कोण बघणार? तुमच्या माणसांतच राहू दे मला."

मी फोटो बंद करायला गेले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"थांब जरा, बाय. घाई हाय का तुला?"