मामांचा श्रवणवर्ग

"ऐकण्याची परीक्षा? अगं, ऐकण्यात कसली आलीय परीक्षा! ऐकवणारा खणखणीत असला की दगडालासुद्धा ऐकू येतं!"

एवढं बोलून मामांनी चहाचा कप बशीत आपटला आणि भाचीचं नशीब तिथेच ठरलं.

भाचीला फार्मसीला जायचं होतं. बारावीचे गुण चांगले होते, कॉलेजात जागा होती, मध्ये आडवी पडली होती ती फक्त कॉलेजची इंग्रजीची चाचणी. एका भागात उतारे वाचून प्रश्न सोडवायचे, दुसऱ्यात ध्वनिमुद्रित संभाषणं ऐकून. वाचनाचं तिला काही वाटत नव्हतं. ऐकण्यात मात्र ती पहिल्या फेरीत सपशेल आपटली होती. आता दुसरी फेरी, आणि तीच शेवटची. यातही आपटली तर वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांची खोकी लावत बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. वडिलांनी तर तिच्यासाठी दुकानात एक स्टूल आणून ठेवलं होतं, वर उशी टाकून! ती उशी आठवली की ती मुकाट्याने पुस्तक उघडायची. कॉलेज मामांच्या शहरात होतं, म्हणून तयारीसाठी ती त्यांच्याकडे राहायला आली, आणि इथेच फसली.

कारण मामा बसस्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगणं हे त्यांचं काम. त्यांचं वाक्य घशात सुरू व्हायचं, नाकात संपायचं, आणि मधला भाग मिशांत अडकून राहायचा. उद्घोषणा झाली की अख्खं स्थानक एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं.

"काय म्हणाला?"

"कुणास ठाऊक!"

मग सगळे बॅगा उचलून दिसेल त्या गाडीकडे धावत सुटायचे. वरच्या खोलीच्या काचेतून ती पळापळ बघून मामा समाधानाने मान हलवायचे. "एका वाक्यात स्थानक हलवतो मी!" असं ते घरी येऊन सांगत. लोक त्यांना मागून भोंगामामा म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना तो बहुमान वाटला होता. काही माणसांचा अपमान करायचा म्हणजे फार कष्ट पडतात, हे मामांना पाहून पटायचं.

भाचीने मोबाइलवर सरावाच्या ध्वनिफिती घेतल्या होत्या, इयरफोन आणले होते. मामांनी पहिल्याच दिवशी ते तिच्या कानातून उपटून काढले.

"कानात बुचं घालून कोणी ऐकतं का? आणि हा आवाज बघ, मिळमिळीत! यात जीव कुठंय? आण ते पुस्तक. उतारे मी वाचतो!"

"मामा, तुमचं इंग्रजी..."

"माझं इंग्रजी तू विचारूच नकोस!"

ते खरंच विचारण्यासारखं नव्हतं. पण ज्यांच्या घरी राहायचं, ज्यांचं खायचं, त्यांना नको कसं म्हणणार? तिने पुस्तक आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मामा स्थानकावरचा भंगारात काढलेला माइक आणि भोंगा घरी घेऊन आले. भोंगा कपाटावर चढवला, माइकवर तीनदा फुंकर मारली, आणि मधमाश्यांवरचा उतारा सुरू केला. सुरुवात अर्थातच "लक्ष द्या, लक्ष द्या!" अशी. पुढचं भाचीला काही म्हणजे काही कळलं नाही. खालच्या मजल्यावर एक पाहुणे आले होते, ते मात्र अर्धं जेवण टाकून, बॅग घेऊन जिना उतरत पळाले. त्यांना वाटलं, आपली गाडी लागली!

"बघ!" मामा म्हणाले. "खालपर्यंत पोचलं!"

मामी स्वयंपाकघरात ढिम्म होती. भाचीने आत जाऊन विचारलं, "मामी, तुला नाही का गं त्रास होत?"

मामी भाजी चिरत राहिली. भाचीने तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तिने वळून दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढले. "काही म्हणालीस का बाळा?"

रोज संध्याकाळी हा छळ सुरू झाला. लायब्ररीची माहिती, खोली भाड्याने घेणारी बाई, समुद्रातलं कासव, सगळे मामांच्या मिशांतून बाहेर पडेपर्यंत एकाच रंगाचे व्हायचे. वाचनाच्या भागातही मामांनी नाक खुपसलं. त्यांच्या मते वाचन म्हणजे वेळापत्रक. मधलं सोडायचं, फक्त सुटण्याचं आणि पोचण्याचं बघायचं! भाचीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. ऐकण्याचं मात्र सोडून देता येत नव्हतं, भोंगा डोक्यावरच होता.

आणि हळूहळू एक भलतंच घडलं. भाचीला मामा कळायला लागले! मामा खाकरले की वाक्य संपलं. सूर लांबला की आकडा आला. नाकात घुमलं की प्रश्न, आणि सगळंच बंद पडलं की मामांनी पान उलटलंय. महिना संपता संपता ती मामांचा उताराच्या उतारा उतरवून घेऊ लागली.

"बघितलंस?" मामा मामीला म्हणाले. "माझ्या शिकवण्याचा प्रताप!"

"काय?" मामी म्हणाली, आणि पुन्हा कानाला हात लावून बोळे नीट बसवले.

परीक्षेच्या दिवशी मामा भाचीला सोडायला आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर ठाण मांडून बसले. आत वाचनाचा भाग सुरळीत पार पडला. ऐकण्याचा भाग सुरू करायला परीक्षेच्या मॅडमनी बटण दाबलं आणि स्पीकरने एक उसासा टाकून प्राण सोडला. वायरी हलवून झाल्या, स्पीकरला चापटी मारून झाली. शेवटी मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. यंत्र बंद पडल्यास संभाषणाची छापील प्रत कुणीतरी खणखणीत आवाजात वाचून दाखवावी, आणि एकदा सुरू केलेलं वाचन मध्येच थांबवू नये! मॅडमचा स्वतःचा आवाज सर्दीने बसलेला. त्या दारात येऊन घोगऱ्या आवाजात शिपायाला काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात मामा बाकावरून उठले.

"आवाजाचा प्रश्न आहे ना? तो आमच्यावर सोडा!"

"तुमचं कुणी आज परीक्षेला बसलंय का?" मॅडमनी नियमाप्रमाणे विचारलं.

"अनुभव भरपूर आहे!" मामा म्हणाले. समोरच्याचा प्रश्न ऐकायची त्यांना सवयच नव्हती.

मामा छापील प्रत घेऊन व्यासपीठावर उभे राहिलेले पाहून भाचीच्या हातातलं पेन गळून पडलं.

"लक्ष द्या, लक्ष द्या!"

आणि सुटले! मुलांनी माना वर केल्या. मग एकमेकांकडे पाहिलं. मागच्या बाकावरच्या एकाने नकळत दप्तर खांद्याला लावलं. मॅडम तर गारच पडल्या. पण इंग्रजीच्या मॅडमनी आपल्याला इंग्रजी कळत नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्यांनी चेहरा गंभीर केला आणि कळल्यासारखी मान डोलवायला सुरुवात केली. दारातून प्राचार्य डोकावले, क्षणभर ऐकून म्हणाले, "वा! उच्चार परदेशी वाटतात." आणि घाईघाईने निघून गेले.

सगळ्या हॉलमध्ये एकच पेन चालत होतं. भाचीला लाज वाटत होती, हसू येत होतं, आणि शेजारच्या मुलीचे भरलेले डोळे पाहून वाईटही वाटत होतं. पण प्रत्येक उत्तर लख्ख ऐकू येत होतं. आणि डोळ्यांसमोर उशी टाकलेलं ते स्टूल होतं. तिने लिहिलं.

निकाल लागला तो असा. ऐकण्याच्या भागात सगळ्यांचा भोपळा, आणि एकटीला पैकीच्या पैकी! मग बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो? तो वाचणारा माणूस तिचा मामा निघाला म्हटल्यावर पालक कॉलेजवर चालून आले. प्राचार्यांनी मामा-भाचीला केबिनमध्ये उभं केलं. बाहेर खिडकीला पालकांची डोकी चिकटली होती.

"खाणाखुणा केल्या असणार!" मॅडम म्हणाल्या. "मिशांवरून हात फिरवत होते, मी पाहिलंय!"

"मी खुणा करत नाही, मी बोलतो!" मामा कडाडले. पुढचं कुणाला कळलं नाही.

"प्रवेश विसरा," प्राचार्य भाचीला म्हणाले. "कॉपी करणाऱ्यांना आमच्याकडे जागा नाही."

भाचीला रडायला आलं होतं, पण रागही तेवढाच आला. "सर, तुम्हाला हवं ते मामांना वाचायला द्या. त्यांना पाठमोरं उभं करा. मी लिहून दाखवते!"

प्राचार्यांनी खणातून सायकली कुठे लावाव्यात याबद्दलचं इंग्रजी परिपत्रक काढलं. मामा भिंतीकडे तोंड करून वाचू लागले. प्राचार्य मान डोलवत होते, मॅडम मान डोलवत होत्या, भाची लिहीत होती. कागद ताडून पाहिला तर शब्दाला शब्द बरोबर! मामांनी एक ओळ गाळली होती, तिथे तिने "मामांनी ओळ गाळली" असंही लिहून ठेवलं होतं.

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "कॉपी नाही हे मान्य. पण मग बाकीच्यांना का नाही कळलं?"

"त्यांचा सराव नाही साहेब!" मामा म्हणाले. नेमकं हे एक वाक्य, आयुष्यात पहिल्यांदाच, सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं. खिडकीतल्या डोक्यांनी ते टिपून घेतलं.

शेवटी सगळ्यांचीच ऐकण्याची परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं, नव्या स्पीकरवर, खऱ्या ध्वनिफितीवर.

फेरपरीक्षेच्या दिवशी सकाळी निघताना मामीने भाचीच्या हातात एक पुडी दिली. कापसाचे दोन बोळे. "वाटेत मामा बरोबर असतील," एवढंच ती म्हणाली.

वाटेत भाची ते वापरायचं विसरली. हॉलमध्ये स्पीकर सुरू झाला. काय तो आवाज! धुतल्या काचेसारखा स्वच्छ. प्रत्येक शब्द सुटा, सुबक. आणि भाचीला त्यातलं अक्षर कळेना! ती खाकरण्याची वाट बघत बसली, तोवर ध्वनिफितीतली बाई तीन वाक्यं पुढे गेली. आकडा आला म्हणावं, तर सूर लांबला नाही. प्रश्न विचारला तर नाकात घुमलं नाही. सगळीकडे पेनं चालत होती, तिचंच तेवढं थांबलं होतं. पहिली उत्तरं कोरी गेली. आता खिळे! आता स्टूल! आता उशी! घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून तिने खिशात हात घातला आणि हाताला पुडी लागली.

तिने दोन्ही कानांत बोळे घट्ट कोंबले.

आणि चमत्कार झाला! ती सुबक बाई एकदम घशात गेली, मग नाकात आली, आणि मधले शब्द कुठल्यातरी मिशांत अडकले. हुबेहूब मामा! भाचीचं पेन धावायला लागलं.

मॅडम तीरासारख्या आल्या. ऐकण्याच्या परीक्षेत कानात बोळे? त्यांनी नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. ऐकायला मदत करणारी वस्तू आणू नये, असं त्यात ठळक लिहिलं होतं. ऐकू न येण्याला मदत करणाऱ्या वस्तूबद्दल नियम गप्प होते. मॅडमही गप्प झाल्या.

भाची पहिली आली. फार्मसीला प्रवेश मिळाला. वडिलांनी उशी धुऊन घरी नेली.

आणि मामा? मामांनी दारावर पाटी लावली, 'इंग्रजी श्रवणवर्ग'. ज्यांना त्यांचं अवाक्षर कळलं नव्हतं त्याच मुलांचे पालक पहाटेपासून रांगेत उभे! शिकलेली माणसं, चांगल्या नोकऱ्यांतली. मामा बोलले की सगळे माना डोलवायचे. न कळलेल्या गोष्टीला मान डोलवण्यात माणूस किती तरबेज असतो, हे त्या रांगेकडे बघून कळायचं.

पहिल्या दिवशी वर्ग गच्च भरला. भोंगा कपाटावर, माइक मामांच्या हातात. पण भाची कशी पहिली आली ही बातमी गावभर झालेली होती. मामांनी "लक्ष द्या, लक्ष द्या!" म्हणताच सगळ्या मुलांनी खिशातून कापूस काढला आणि एकाच वेळी कानांत कोंबला. मागे उभ्या असलेल्या पालकांनीही कोंबला.

मामांचा ऊर भरून आला. ते धावत स्वयंपाकघरात गेले. "अगं, बघ तरी! अख्खा वर्ग माझ्या पद्धतीने अभ्यास करतोय!"

मामीने सावकाश एका कानातला बोळा काढला, दारातून वर्गाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तुमची कुठली? ही पद्धत माझी आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनची."

"काय म्हणालीस?" मामांनी विचारलं. पण तोवर बोळा परत कानात गेला होता.