म्यानात रुतलेलं पोलाद

"या हाताला न निघालेली वस्तू अजून जन्माला यायची आहे!" दातांच्या डॉक्टरांनी उजवा हात दिव्याखाली धरून जाहीर केलं.

"परवाचं बरणीचं झाकण मी काढलं," बाहेरच्या काउंटरवरून बाईंचा आवाज आला. बाई म्हणजे डॉक्टरांची बायको. नंबर लावणं, पैसे घेणं आणि डॉक्टरांना जमिनीवर ठेवणं, ही तिन्ही कामं त्याच बघत.

"झाकणाचं सोड गं! मी मुळापासून उपटायच्या वस्तूंबद्दल बोलतोय!"

ही वस्तू म्हणजे दाढ नव्हती, बरं का. रुग्णाच्या खुर्चीत, मानेखाली उशी घेऊन, एक जुनी तलवार म्यानासकट आडवी पहुडली होती. तिच्या गळ्याशी कागदी रुमालसुद्धा बांधला होता. तो डॉक्टरांनी सवयीनं बांधला होता.

डॉक्टरांना जुन्या तलवारींचा नाद होता. नाद कसला, वेडच! घरातली एक अख्खी खोली तलवारींनी अडवली होती. एक तलवार नाटक कंपनीची निघाली. झुरळ मारायला गेले तर तीच वाकली. दुसरीला सतराशे साठ ठिकाणी हुंगून डॉक्टरांनी ती कुठल्याशा सेनापतीची ठरवली, तर बाईंनी मुठीखाली बारीक अक्षरात 'स्टेनलेस' वाचून दाखवलं! तरी डॉक्टर हटले नाहीत. त्यांना हवं होतं खरं पाणीदार पोलाद. जुन्या कारागिरांनी मुशीत वितळवलेलं, ज्याच्या पात्यावर वाऱ्यानं पाणी थरथरावं तशी नक्षी आपोआप उमटते, ते!

बाईंना त्या खोलीत शिवणाचा वर्ग काढायचा होता. मशिनी जिन्याखाली अंग चोरून उभ्या होत्या. शेवटी नवराबायकोचा करार झाला. "ही शेवटची," बाई म्हणाल्या. "ही अस्सल निघाली तर खोली तुमची, मी पुन्हा ब्र काढणार नाही. नकली निघाली तर सगळं सामान माळ्यावर. आणि अस्सल-नकली तुम्ही नाही ठरवायचं!"

ठरवणार होते भिंगवाले काका. संग्रहालयाच्या शस्त्रविभागात केस पांढरे करून निवृत्त झालेले. गळ्यात काळ्या दोरीनं भिंग लटकत असे. काकांनी पात्यावर भिंग धरलं की मालकाचा श्वास बंद पडे. डॉक्टरांनी त्यांना त्याच संध्याकाळी घरी बोलावलं होतं. बाईंनी मात्र त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

अडचण एकच. तलवार म्यानातून बाहेर येईना! पातं आत गंजून रुतलं होतं. अशा वेळी संग्राहकांची एक रीत आहे. ओढाताण करायची नाही. म्यानात तेलाचे थेंब सोडायचे, तलवार कोपऱ्यात उभी करायची आणि धीर धरायचा. महिना लागो, वर्ष लागो.

"धीर धरतात ते, ज्यांच्या मनगटात दम नाही!" डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी त्यांनी मूठ दाराच्या कडीला बांधून हिसका दिला होता. तलवार तशीच राहिली, दार निघालं. म्हणून आज घराऐवजी दवाखाना. इथे वर-खाली होणारी खुर्ची होती, गिरमिट होतं, पकडी होत्या. शिवाय मदतीला बाईंचा धाकटा भाऊ होता. व्यायामशाळा चालवायचा, मानेच्या जागी खांदेच सुरू व्हायचे. त्याला सगळे पैलवान म्हणत.

"पैलवान, दार लाव! आणि काय वाट्टेल ते होवो, आज काढल्याशिवाय सोडायचं नाही!"

बाहेर बाकावर तीन जण बसले होते. एक शाळेतल्या शिक्षिका, एक टॅक्सीवाला आणि सुजलेल्या गालावर मफलर गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ. डॉक्टरांचं वाक्य तिघांनीही नीट ऐकलं.

"अवघड केस आहे वाटतं?" शिक्षिकेनं विचारलं.

"हो ना," बाई पावत्या लावत म्हणाल्या. "कालपासून चाललंय."

आतून आवाज यायला लागले. "तू खुर्चीला पाय लाव! मी इकडून ओढतो!"

"भावजी, मधेच मोडलं तर?"

"मोडलं तर दोन तुकड्यांत काढू! ओढ!"

खुर्ची करकरली. मग गिरमिट घूंऽऽ करत सुरू झालं. मग ठोकाठोक! टॅक्सीवाल्यानं जबडा चाचपला आणि डोळे विस्फारून म्हणाला, "अरेच्चा! थांबलं की दुखायचं! चमत्कारच म्हणायचा!" आणि तो निघून गेला. जाताना मीटर टाकल्यासारखा पळाला.

तेवढ्यात दार उघडून पैलवान बाहेर आला. घामानं थबथबलेला, आणि कोपरापर्यंत दोन्ही हात लालभडक! गंज आणि तेलाचा राडा तो, पण बघणाऱ्याला काय कळणार?

"ताई, मोठा हातोडा कुठाय?"

"खालच्या कपाटात. आणि सावकाश रे! मागच्या खेपेला फरशी फुटली होती."

"आता जरा हलायला लागलंय," हात पुसत पैलवान म्हणाला. "भावजी म्हणतात, आणखी एक दणका दिला की झालं!"

शिक्षिकाबाईंना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. त्या गेल्या. मफलरवाले गृहस्थही उठायला गेले, पण गुडघ्यांनी ऐन वेळी साथ सोडली. ते पुन्हा बाकावर बसले.

"घाबरू नका हो," बाई समजुतीनं म्हणाल्या. "त्यांचा हात हलका आहे."

धडाम! खुर्ची उलटली. पैलवान भिंतीवर आदळला. आणि डॉक्टरांनी आरोळी ठोकली, "निघालीऽऽ!"

पातं बाहेर आलं होतं. गंजानं तांबारलेलं, पण सबंध! डॉक्टरांना आता धीर धरवत नव्हता. नकली नक्षी वरवर तेजाबानं काढलेली असते; घासली की गेली. खरी नक्षी पोलादाच्या पोटात असते. घासून पुन्हा तेजाब लावलं की ती पुन्हा वर येते. दात घासायच्या फिरत्या ब्रशानं डॉक्टरांनी बोटभर जागा चकचकीत केली, दात भरण्याआधी लावतात ते निळं सौम्य तेजाब त्यावर पसरलं, आणि धुतलं.

करड्या पोलादावर लहरी उमटल्या. त्यांनी त्या घासून पुसून टाकल्या. पुन्हा तेजाब. पुन्हा लहरी! आणि त्या लहरींना आडव्या छेदणाऱ्या, फक्त उत्तम पात्यांवर दिसणाऱ्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा!

"पैलवान," डॉक्टर कुजबुजले, "चिमटा काढ मला."

पैलवानानं काढला. डॉक्टर पुन्हा ओरडले, आणि त्याच सुरात दार ढकलून बाहेर आले. पांढरा कोट लाल डागांनी माखलेला, केस उभे, हातात नंगी तलवार! बाकावरच्या गृहस्थांच्या मफलरीखालून काळी दोरी आणि भिंग डोकावत होतं.

"काका! तुम्ही? इथेच? अहो, तुम्हीच हवे होतात मला!"

भिंगवाले काकांची दाढ रात्रभर ठणकत होती. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंच आहे, तर आधी दाढ दाखवावी, म्हणून ते आले होते. या माणसानं जन्मभर तलवारी पाहिल्या होत्या. पण तलवार काचेच्या आत आणि काका बाहेर, असा शिरस्ता होता. आपल्या दिशेनं चालत येणारी तलवार ते पहिल्यांदाच पाहत होते. मघाशी संपावर गेलेले गुडघे एकदम कामावर हजर झाले. काका उठले आणि सुटले!

"अहो थांबा! एकदाच बघा!" डॉक्टर मागोमाग सुटले. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेलं पातं, आणि परीक्षक पळून जातो? हट्! पुढे मफलर सोडून पळणारे काका, मागे तलवार उगारलेले डॉक्टर, त्यांच्यामागे लाल हातांचा पैलवान आणि सर्वांत मागे दवाखान्याला कुलूप घालून आलेल्या बाई! रस्त्यावरची माणसं भिंतींना चिकटली. एका फळवाल्यानं गाडीवरचं कलिंगड ढालीसारखं पुढे धरलं.

"वाचवा!" काका ओरडले.

"काही करत नाही हो, नुसतं दाखवायचंय!" डॉक्टर ओरडले. यानं कोणाचंच समाधान झालं नाही.

काका कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात घुसले आणि काचेचं दार आतून धरून उभे राहिले. न्हाव्यानं आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकानं त्यांना मागून टेकू दिला. डॉक्टर बाहेर धापा टाकत उभे राहिले. बोलायला दम नव्हता. त्यांनी फक्त पातं आडवं करून ती घासलेली जागा काचेवर टेकवली.

काकांनी डोळे घट्ट मिटले. मग एक उघडला. मग दुसरा. मग त्यांचा हात आपसूक भिंगाकडे गेला. आत भिंग, बाहेर पातं, मध्ये काच. काकांचं नाक काचेवर चपटं झालं.

"घासून पाहिलंत?" आतून प्रश्न आला.

"दोनदा!"

"परत आली?"

"दोन्ही वेळा!"

दार उघडलं. काका बाहेर आले. दाढ, सूज, भीती, सगळं विसरले होते. बोट पात्यावरून फिरवत ते लहान मुलासारखे ओरडले, "अहो, शिडीची नक्षी! मुशीतलं पोलाद! अस्सल! माझ्या शब्दावर सांगतो, शंभर टक्के अस्सल!"

जमलेल्या लोकांनी कशाला ते न कळता टाळ्या वाजवल्या. डॉक्टर वळले. मागे बाई उभ्या होत्या.

"ऐकलंस?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या. चेहरा पडला होता, पण बाई शब्दाच्या पक्क्या. "खोली तुमची. मशिनी राहतील जिन्याखाली."

"अस्सल!" डॉक्टरांनी गर्दीकडे पाहून तलवार उंच धरली.

"काय म्हणालात?" गर्दीतून वाट काढत हवालदार पुढे आला. फळवाल्यानं बोलावून आणलं होतं. "अस्सल? म्हणजे खरीखुरी तलवार?"

"म्हणजे काय! एका घावात…"

"मग परवाना दाखवा."

डॉक्टरांची तलवार हळूहळू खाली आली.

"भर रस्त्यात खरं हत्यार उगारून म्हाताऱ्या माणसाच्या मागे धावलात," हवालदार शांतपणे म्हणाला. "हत्यार जप्त, आणि तुम्ही माझ्याबरोबर ठाण्यात. आता शोभेची, नाटकाबिटकाची असेल, तर गोष्ट निराळी. ताकीद देऊन सोडून देईन. बोला, कशी आहे?"

डॉक्टरांनी पात्याकडे पाहिलं. लहरी उन्हात हलत होत्या. हवालदारानं हात पुढे केला. आयुष्यात इतक्या दाढा उपटल्या, पण स्वतःच्या तोंडातून एक शब्द उपटायला डॉक्टरांना त्या दिवशी जेवढा जोर लागला, तेवढा कधी लागला नव्हता.

"नकली," ते पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"नकली आहे साहेब! पत्र्याची! नक्षीसुद्धा मीच काढली, दातांच्या औषधानं!"

"आणि हे काका अस्सल म्हणत होते ते?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी आपली उभी हयात आठवली, डॉक्टरांचं तोंड पाहिलं आणि गाल धरला. "दाढ फार दुखतेय हो," ते कळवळून म्हणाले. "तोंडातून काय निघतं, ते माझं मलाच कळत नाहीये."

हवालदारानं ताकीद दिली. गर्दी पांगली. डॉक्टरांनी तलवार कोटाखाली लपवली आणि बायकोकडे वळून हसायचा प्रयत्न केला. "वाचलो बुवा! पण तुला तर माहीत आहे ना, की ही…"

"मला काय माहीत असणार?" बाई म्हणाल्या. "मी आपली अडाणी. पण माझा नवरा पोलिसांसमोर खोटं बोलणार नाही, एवढी मात्र मला खात्री आहे."

मग त्या भावाला म्हणाल्या, "पैलवान, हात धू आणि घरी चल. जिन्याखालच्या मशिनी वर न्यायच्यात."