कॉम्प्युटरचा नैवेद्य

यंदा खंडेनवमीला कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावायचं, हे यमुनानं आदल्या दिवशी भांडी घासता घासता ठरवून टाकलं. एवढंच ठरवलं. ह्यात वाईट काय होतं, तुम्हीच सांगा. विळी, कोयता, शिलाई मशीन, मिक्सर, नवऱ्याची स्कूटर, ह्या सगळ्यांना दरवर्षी मान मिळतो. मग गेल्या वर्षी घरात आलेल्या त्या डबड्यानंच काय पाप केलं? (पाप पुढे झालं. कोणी केलं ते येईलच.)

आधी ही यमुना कोण ते सांगते. गोखिवऱ्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. शिक्षण चौथी पास, पण जिभेची धार विळीला लाजवेल अशी. पाण्याचा टँकरवाला तिला गॅलरीत बघितलं की पाणी आधी सोडतो आणि हॉर्न मागाहून वाजवतो. सोसायटीचा सेक्रेटरी तिच्या दारावरून जाताना चपला हातात घेतो. नवरा सदानंद, त्यानं तर पंचवीस वर्षांचा संसार "बरं" ह्या एका शब्दावर निभावलाय.

अशा बाईच्या घशाखाली दीड दिवस भीतीनं घास उतरला नाही, त्याची ही गोष्ट. साल दोन हजार तीन.

नवमीला सकाळी सदानंद ऑफिसला गेला. मुलगा संकेत कॉलेजला पळाला, तो कॉम्प्युटर चालूच ठेवून. पडद्यावर रंगीत नळ आपापले वाढत होते, वळत होते, एकमेकांत घुसत होते. यमुनानं तबक घेतलं. शिलाई मशीन झालं, मिक्सर झाला. मग ती कॉम्प्युटरसमोर आली. टीव्हीसारख्या तोंडाला झेंडूची माळ घातली. बाजूच्या उभ्या डब्याला कुंकू लावायचं तर कपाळ कुठे आहे ते कळेना. वर एक छोटं गोल बटण दिसलं, अगदी टिकलीएवढं. हेच कपाळ, असं समजून तिनं करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू टेकवलं.

आणि डब्यानं हात पुढे केला.

खरंच. सुर्र करून एक पट्टी बाहेर आली, आणि त्या पट्टीवर चांदीसारखी चकचकीत गोल ताटली!

यमुनाच्या अंगावर काटा आला. लग्न झाल्यापासून ती देवांपुढे नैवेद्य ठेवत होती, एका देवानं कधी हात पुढे केला नव्हता. आणि हा कालचा आलेला डबा स्वतःहून ताटली पुढे करत होता! तिनं डोळे पुसले. ताटलीवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, ओल्या अक्षता टाकल्या, झेंडूच्या चार पाकळ्या ठेवल्या. पेढा अख्खा ठेवला तर वर अडकेल, एवढी अक्कल तिला होती. म्हणून अर्धा मोडला आणि नीट चपटा करून ठेवला. पाणी फिरवायचं तेवढं राहिलं, कारण भांडं स्वयंपाकघरात होतं.

मग तिनं वाकून पट्टीला हात लावून नमस्कार केला. पट्टी नैवेद्यासकट आत गेली.

आधी घूंऽऽ असा आवाज आला. मग घर्रर्र. मग आतून कोणीतरी दाराला धडका माराव्यात तसं टक, टक, टक. हिरवा दिवा डोळे मिचकावायला लागला. शेवटी एक लांब आचका देऊन सगळं गप्प झालं.

यमुना धावली ती थेट दारामागच्या मेन स्विचकडे. अख्ख्या घराची वीज तिनं बंद केली. फ्रीज मेला, पंखा मेला. ती लांबूनच, हातात लाटणं घेऊन, डब्याकडे बघत उभी राहिली. (लाटणं कशाला, विचारू नका. भ्यायलेल्या माणसाच्या हाताला जे लागेल ते.)

आणि मग तिला आठवलं, ती ताटली म्हणजे काय होतं ते.

ती पिंकीच्या लग्नाची सीडी होती, संकेतनं आदल्या रात्री आत घालून ठेवलेली.

पिंकी म्हणजे तिच्या नणंदेची, आशालताची एकुलती एक मुलगी. मे महिन्यात लग्न झालं आणि आठ दिवसांत नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. शूटिंगवाला वसईचा. त्यानं चार महिने दमवून दोन सीड्या दिल्या, पहिली आणि दुसरी. मूळ कॅसेट मात्र त्यानं पुसून दुसऱ्या कोणाच्या लग्नाला वापरली होती. म्हणजे जगात पिंकीचं लग्न आता ह्या दोन ताटल्यांवर शिल्लक होतं, आणि त्यातल्या एकीवर पेढा. आशालता पालघरला राहायची, घरी कॉम्प्युटर नाही. उद्या दसऱ्याला ती जेवायला येणार होती ती मुलीला बघायला. फोनवर म्हणाली होती, "वहिनी, चार महिने झाले तिचा चेहरा बघून. रुमाल दोन घेऊन येते."

यमुनानं दोन धसके घेतले. एक त्या बिचारीच्या रुमालांचा, आणि दुसरा त्याहून मोठा. तो मिक्सरच्या भांड्याचा होता.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत आशालतानं यमुनाच्या नव्या मिक्सरमध्ये हळकुंडं घातली होती. भांडं फुटलं. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, बारशात, सत्यनारायणाला यमुनानं ती गोष्ट सांगितली होती. आवाजासकट. "यंत्राला हात लावताना डोकं लागतं हो, वन्सं," हे शेवटचं वाक्य. नऊ वर्षं आशालता खाली मान घालून हसत आली होती.

आणि आता?

मेन स्विच तिनं दुपारी लाटण्यानंच वर केला. संध्याकाळी संकेत आला आणि सरळ कॉम्प्युटरकडे वळला.

"हात लावायचा नाही!" यमुना स्वयंपाकघरातून ओरडली.

"का?"

"खंडेनवमी आहे. पूजा झालेल्या यंत्राला आज विश्रांती असते."

"मग मिक्सर कशाला लावलास?"

"मिक्सरला सवय आहे."

"आई, उद्या आत्या येणार. सीडी एकदा बघून ठेवतो ना, मधेच अडकली तर?"

अडकली हा शब्द ऐकल्यावर यमुनाच्या हातातली पळी आमटीत पडली. "सांगितलं ना एकदा! देवाधर्माचं काही आहे की नाही ह्या घरात?"

सदानंद पेपरमागून म्हणाला, "बरं."

दसऱ्याला पहाटे ती दबकत डब्याजवळ गेली. पेढा एव्हाना आपोआप जिरला असेल, अशी एक आशा होती. जवळ जाऊन बघते तर भिंतीवरून, टेबलाच्या पायावरून, थेट त्या पट्टीच्या फटीपर्यंत लाल मुंग्यांची रांग लागलेली. आत जाणाऱ्या रिकाम्या, बाहेर येणाऱ्या भरलेल्या. अगदी शिस्तीत, रेशनच्या दुकानात लागते त्याहून सरळ.

बापलेकांना तिनं दहा वाजताच घराबाहेर काढलं. आपट्याची पानं आणा, झेंडू आणा, श्रीखंड आणा, मग तसेच स्टेशनला जाऊन आत्याला घेऊन या. "श्रीखंड तर आणलंय," संकेत म्हणाला. "अजून आणा!" सदानंद म्हणाला, "बरं."

ते वळले तशी ती पदर खोचून सुटली. दसऱ्याला दुकानं एकजात बंद, शटरांना तोरणं. उघडा होता तो फक्त स्टॅनीचा गाळा. स्टॅनी गिरीजचा, चाळिशीचा, आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. बोलणं सावकाश, वाडीतल्या केळीला पाणी सोडल्यासारखं.

"ताई, काय झालंय?"

"काही नाही झालेलं."

"मग मी काय करू?"

"ते काही नाही झालेलं ते बघायला चल. आत्ताच्या आत्ता. बारा वाजता माझी नणंद येणार."

स्टॅनीनं पेटी उचलली. (यमुनाला नाही म्हणणारा माणूस गोखिवऱ्यात अजून राहायला आलेला नाही.)

घरी येऊन त्यानं मेन स्विच पाहिला, चालूच होता. कॉम्प्युटर लावला. पट्टीचं बटण दाबलं. आतून कण्हल्यासारखा आवाज आला, पट्टी हलेना. त्यानं डबा फिरवून मागची वायर काढली, फुंकली, पुन्हा खोचली. पुन्हा बटण. पुन्हा कण्हणं. यमुना दाराच्या चौकटीला धरून उभी, डोळे अर्धे मिटलेले.

"ताई, ह्याच्याजवळ बसून कोणी काही खाल्लं होतं का?"

"आम्ही कोणी नाही खाल्लं." हे अगदी खरं होतं.

"मग ह्या मुंग्या?"

"पाहुण्या असतील."

स्टॅनीनं तिच्याकडे बघितलं, मग बटणाकडे. बटणावर कुंकू होतं. त्यानं मागची वायर पुन्हा काढून ठेवली. बटणाखाली टाचणी जाईल एवढं एक भोक होतं. "ह्याच्यात सरळ तार घालायची, की पट्टी हातानं बाहेर येते. माझी तार गाळ्यावर राहिली. बारीक काही आहे?"

यमुनानं खांद्यावरची पदराची पिन काढून दिली. पदर दातात धरला.

"आत्ता स्फोट नाही ना होणार?" दातातल्या पदरातून तिनं विचारलं.

"वीज काढलीय, ताई."

"तरी मी गॅलरीत उभी राहते."

पिन सरळ करून त्यानं भोकात दाबली. खट्. पट्टी बोटभर बाहेर आली. स्टॅनी थांबला, नाक जवळ नेलं, श्वास घेतला.

"वेलची?"

यमुना गॅलरीतून खालचा रस्ता बघायला लागली.

त्यानं पट्टी पूर्ण ओढली. पिवळ्या अक्षता, वाळलेल्या पाकळ्या, कुंकवाची रांगोळी फिरून फिरून झालेली, आणि मधोमध पेढा चपातीसारखा पसरलेला. दोनशे मुंग्या उजेडानं दचकून इकडेतिकडे पळाल्या.

"ताई," स्टॅनी हळूच म्हणाला, "ह्याला काय बोलला होतात? नवस?"

मग मात्र यमुनाचा बांध फुटला. सगळं सांगितलं. हात पुढे केला इथपासून ते हळकुंडांपर्यंत. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं हळकुंडांची गोष्ट आवाजाशिवाय सांगितली. "तू कोणाला सांगायचं नाही. तुझ्या चर्चमधल्या सायबिणीची शपथ घे."

"शपथ घेऊ नये म्हणून फादर सांगतात, ताई. पण गप्प राहायला त्यांची मनाई नाही."

सीडी त्यानं मोरीत नेली आणि बोटानं साबण लावून, मधून कडेकडे, बाळाचं डोकं धुवावं तशी धुतली. जुन्या मलमलीनं टिपली. मग डबा उघडून आतली मुंग्यांची वसाहत ब्रशनं झाडली. आत वाटाण्याएवढी एक काच होती. "हा ह्याचा डोळा. साखर बसली की आंधळा होतो." कापसाच्या बोळ्यानं त्यानं तो डोळा पुसला, एकदा, दोनदा. यमुना शेजारी बसून घरातले, माहेरचे आणि गिरीजच्या चर्चमधले, सगळे देव एका दमात म्हणत होती.

बारा वाजायला दहा मिनिटं. सीडी आत गेली. घूंऽऽ. घर्रर्र नाही. टक टक नाही. पडद्यावर पिंकी बोहल्यावर उभी राहिली, हिरवा शालू नेसून. यमुना तिथल्या तिथे जमिनीवर बसली.

स्टॅनी जिना उतरला आणि खालून रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

जेवणं झाली, आपट्याची पानं वाटून झाली, सगळे कॉम्प्युटरसमोर बसले. आशालता पहिल्या रांगेत, म्हणजे पलंगाच्या कडेला, दोन्ही रुमाल मांडीवर. पिंकी अंतरपाटामागून दिसली आणि पहिला रुमाल गेला. कानपिळीला दुसरा गेला. मग तिनं यमुनाचा हात धरला. "वहिनी, तुमच्यामुळे लेक दिसली हो."

यमुनाच्या डोळ्यांतही पाणी आलं. सुटले, असं तिला वाटलं. दीड दिवसांनी तिनं छाती भरून श्वास घेतला आणि पेढ्यांची ताटली फिरवली.

पहिली सीडी संपली. दुसरी घालायला संकेतनं वाकून बटण दाबलं. सुर्र करून पट्टी बाहेर आली. त्याच क्षणी आशालतानं ताटलीतला पेढा उचलला आणि हात पुढे केला.

"वन्सं, नको! कालच खाल्लाय त्यानं!"

आशालताचा हात हवेत. पेढा संकेतच्या तोंडापासून चार बोटांवर.

"अहो, भाच्याला देत होते," आशालता म्हणाली. "काल खाल्ला म्हणून आज नको?"

"मी काल नाही खाल्ला," संकेत म्हणाला.

"मग कोणी खाल्ला?" हे सदानंदनं विचारलं. पंचवीस वर्षांतला त्याचा पहिला प्रश्न, आणि तो नेमका आत्ता.

आशालतानं पट्टीकडे बघितलं. बटणावरचं कुंकू बघितलं. पट्टीच्या कोपऱ्यात स्टॅनीच्या नजरेतून सुटलेला एक पिवळा तांदूळ होता, तो बोटानं उचलला. मग एक मुंगी, रस्ता चुकलेली, सावकाश पट्टीवरून चालत आली. आशालता गालातल्या गालात हसली आणि पेढा तिनं स्वतःच्या तोंडात टाकला. यमुनानं त्या दिवशी मिक्सरचं नाव काढलं नाही.

भाऊबीजेला आशालता आली ती हातात खोकं घेऊन. आत मिक्सरचं नवं कोरं भांडं होतं. यमुनानं झाकण उघडलं. भांड्यात एकच पेढा.

"कशाला हो वन्सं एवढं," म्हणत यमुनानं पेढ्याला हात घातला.

"थांबा, वहिनी," आशालता म्हणाली. "भांडं तुमचं. पेढा त्याचा."