विरूपाक्षकाकांच्या बिनखिळ्याच्या खुर्च्या

विरूपाक्षकाकांना "बसा" म्हटलं की ते आधी खुर्ची उलटी करत. खालचे सांधे चाचपत आणि निकाल देत, "खिळं ठोकल्यात. ही खुर्ची न्हाय, खोकं हाय!" मग उभ्यानंच चहा पिऊन जात. माझ्या साखरपुड्यात त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांना उठवून त्यांची खुर्ची पालथी घातली. लग्न मोडलं नाही हे माझं नशीब.

काका सोलापुरातल्या एका मिलच्या सुतारखात्यात होते. कुठल्याशा साहेबाच्या रद्दीत त्यांना विलायती फर्निचरचं जुनं चित्रांचं पुस्तक मिळालं आणि माणूस बिघडला. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव पाण्यामागं, तर काका सागवानामागं! आमच्या सामाईक अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशीही त्यांचा रंधा चाले. वाकड्या पायांची खुर्ची झाली, सिंहाच्या पंजांची झाली, वेताच्या बैठकीची, पुस्तकातल्या राणीची झाली. हुबेहूब चित्रातल्यासारख्या.

मी विचारलं, "अहो, एवढ्या कुणासाठी?"

"हिच्यासाठी की!"

गौराकाकूंचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती. पण नवऱ्यासमोर बाईनं खुर्चीत बसायचं, हे त्यांच्या मैंदर्गीच्या माहेरात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. तसं तोंडावर सांगणार कसं? म्हणून त्या खुर्चीत खोट काढत. "लई उंच हाय." "पंजं बघून भ्या वाटतंय." काका ते खरं मानून पुन्हा लाकूड तासायला घेत, आणि काकू भिंत धरून उभ्याच. मला दोघांचाही राग यायचा.

शेवटी मीच तोंड उघडलं. "काका, खोट खुर्चीत नाही. तुम्ही समोर असता ना, म्हणून त्या बसत नाहीत."

काकांनी हातातला रंधा खाली ठेवला. तासाभरात त्यांनी राणीची खुर्ची शेडच्या दारात मांडली, काकूंना हाताला धरून आणलं आणि स्वतः पाठ फिरवून कामाला लागले.

"मी कामात हाय. मला हितनं कायबी दिसत न्हाय."

बऱ्याच वेळानं वेत करकरला. मी अंगणातून पाहत होतो. काकांनी मान वळवली नाही. नव्या खुर्चीच्या पायासाठी घेतलेलं सागवान तासून तासून बोटाएवढं झालं, तरी त्यांनी रंधा थांबवला नाही.