विरजणापुरतं दुःख

आमचे शेजारी धाकू सुतार दर चैत्रात गावभर दुःख उसनं मागत फिरायचे. खोटं वाटत असेल तर पळसदरीजवळच्या आमच्या गावात कुणाही म्हाताऱ्याला विचारा. साठ ते सत्तर सालांदरम्यानची गोष्ट. दारात उभे राहून म्हणायचे, "वहिनी, घरात एखादं दुःख हाय का? विरजणापुरतं द्या. बाकी माझं मी लावतो."

कारण असं, की जत्रेच्या नाटकात मुलीच्या बापाचं काम ठरलेलं त्यांचं. तिसऱ्या अंकात मुलगी सासरी निघाली की बापानं रडायचं आणि त्याच्यामागून सगळ्या गावानं. पलीकडच्या गावची मंडळी मुद्दाम पुढे बसून डोळ्यांत पाणी येतंय का ते बघायची. म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न. त्यात मुलगी व्हायचा गिरणीवाला नामा, मिशी काढून. त्याच्याकडे बघून कुणाला रडू येणार, डोंबल!

कुणी कांदा सुचवायचं, कुणी डोळ्यांखाली बाम. धाकूकाका भडकायचे. "कांद्यानं डोळा रडतो रं, मानूस नाय रडत." बरं, स्वतःचं दुःख वापरा म्हणावं, तर ते त्यांच्याकडे नव्हतंच. आईबाप कळायच्या आत गेलेले, लग्न झालं नाही, सुतारकी शिकवणाऱ्या वस्तादानं आमच्या गावात आणून सोडलं. "माझं कोन होतं जायला?" असं ते रंधा मारता मारता सहज सांगायचे.

म्हणून ही उसनवारी. लोकही हौसेनं द्यायचे. मास्तरांनी खालापूरहून इकडे झालेली बदली दिली. ती काकांनी "पातळ हाय" म्हणून परत केली. नाम्यानं मेलेली शेळी दिली, ती एका वर्षात संपली. टिकलं ते माझ्या आईचं.

आईला लग्नात नव्या चपला घेतल्या होत्या. तिला बैलगाडीत बसवून तिचा बाप परत फिरला. तिनं मागं पाहिलं, तर तिच्या जुन्या, अंगठा तुटलेल्या चपला काखेत मारून तो चालला होता. एवढंच. यावर काका नऊ वर्षं रडले. तरी दर चैत्रात आमच्या ओट्यावर बसून नव्यानं विचारायचे, "अंगठा कुठल्या पायाचा तुटलेला, वहिनी?" आई डाव्या म्हणायची आणि पहिल्यापासून सांगायला लागायची. बाप परत फिरला की थांबून म्हणायची, "च्या निवतोय, घ्या आधी." मी चेष्टा करायचो, की काका, एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल. ते नुसते बशीतला चहा फुंकत बसायचे.

मग आई गेली. पुढच्या चैत्रात काका आलेच नाहीत. वाट पाहून मीच त्यांच्या पडवीत गेलो आणि म्हणालो, या वर्षी माझ्याकडून न्या, आता माझ्याकडेही आहे.

रंधा थांबला. "नको रं बाळू. या साली विरजण घरचंच हाय."

आणि त्या वर्षी नाटक साफ पडलं. काकांना रडू फुटलं ते पहिल्याच अंकात, सोयरीक ठरते तिथं. नाक वाहिलं, वाक्यं गेली, आवाज फाटला. शेवटी लुगडं सावरत नाम्यानंच त्यांना धरून आत नेलं. पाहुणे खो खो हसले. आमच्यातलंच कुणी ओरडलं, "धाकू, नीट रड की रं!" पुढच्या वर्षी बामच आणायचा, असं पंचांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मी मात्र मागे उभा राहून पोटभर रडलो. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

सकाळी मी चहा घेऊन गेलो. गावाची अब्रू घालवली म्हणून काका मान खाली घालून बसले होते. मी चहा बशीत ओतला. मग विचारलं, "काका, अंगठा कुठल्या पायाचा तुटला होता?"

त्यांनी वर पाहिलं. "डाव्या," म्हणाले, आणि सांगायला लागले. पहिल्यापासून, अगदी आईसारखंच. बाप परत फिरतो तिथं आले आणि थांबले.

"च्या निवतोय," म्हणाले, "घे आधी."