कोऱ्या जागांचे डॉक्टर

डॉ. केळसकर पक्के शाकाहारी, पण डहाणूजवळच्या मसोली गावात मासळीवालीला रोज थांबवणारा पहिला माणूस तेच. चिंचणीची हिराबाई टोपली उतरवायची. डॉक्टर वाकून एकेक मासा दाखवत विचारायचे, "हा कोण?"

"बोंबील! काल पन सांगला. घ्यायचा नाय तर इचारता कशाला?"

"निरीक्षण चालू आहे," डॉक्टर म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आयुष्यभर मुंबईत मेंदूवर संशोधन करून २०१५ साली ते इथे एकटेच राहायला आले आणि गोष्टी लिहू लागले. डहाणू रोडला माझं टायपिंगचं दुकान, त्यामुळे त्या टाइप करायचे भोग माझ्या वाट्याला आले. एका गोष्टीत नायक स्वतःचाच डावा हात परका समजून त्याला घराबाहेर हाकलतो. दुसरीत नवरा बायकोला तोतया समजून तिच्याकडे आधारकार्ड मागतो. मी वैतागून म्हटलं, "एक तरी माणूस धड असू द्या हो!"

"धड माणसाची गोष्ट वाचतो कोण, मालतीबाई?"

शेवटची कादंबरी शब्द विसरणाऱ्या माणसाची होती. तिच्या हस्तलिखितात मधेच कोऱ्या जागा असायच्या. मी, अतिशहाणी, त्या भरून टाकायचे: चाळणी, कंदील, उंबरठा. वाटलं, रागावतील. त्यांनी 'चाळणी' दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "बरोबर." मी दिवसभर खुशीत होते. त्या दिवसांत ते मला नुसतं 'बाई' म्हणू लागले होते. मला वाटलं, ओळख मुरली.

मग एकदा त्यांच्या कागदांत एक चिठ्ठी आली. अक्षर त्यांचंच, वेडंवाकडं झालेलं.

'बोंबील – लांब, मऊ. आज चुकलो.
टायपिंगचं दुकान – मालतीबाई. चष्मा. चिडतात, पण मनाच्या चांगल्या. नाव विसरतो, हे त्यांना कळू देऊ नये.'

मला रडू आवरेना. कादंबरी नव्हतीच ती. मेंदूचा एवढा मोठा जाणकार स्वतःचीच रोजची परीक्षा घेत होता, आणि रोज थोडा थोडा नापास होत होता. मी चिठ्ठी होती तिथेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानाची पायरी चढताना दिसले. दारात थबकले, माझ्याकडे पाहत राहिले, ओठ हलले. मी बंद पडलेला मोबाइल कानाला लावला आणि मोठ्यानं म्हटलं, "हॅलो, मी मालती बोलतेय."

डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"नमस्कार, मालतीबाई!"

आता ते येताना दिसले, की मी रोज फोन उचलते.